जिब्रीलचं शिंग आणि शॉकअप

नारायणगावापासून मंचरपर्यंत पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कोणत्याही गॅरेजात जा आणि 'शॉक ॲब्सॉर्बर' असा पूर्ण शब्द उच्चारून पाहा. मिस्त्री तुम्हाला बाहेरगावचा समजेल. आमच्याकडे त्याला 'शॉकअप' म्हणतात. शॉकअप बसला, शॉकअप लीक झाला, शॉकअप टाइट करून द्या. शाळेच्या पुस्तकात त्याला 'धक्काशोषक' म्हटलेलं असतं, पण तो शब्द घेऊन गॅरेजात गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझा व्यवहार शब्दांशी, म्हणून सांगतो. यातलं एकही नाव बरोबर नाही. धक्का शोषून घेते ती स्प्रिंग, नाहीतर पाटे. पण एकदा दबलेली स्प्रिंग गप्प बसत नाही. ती उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तिला आवरण्याचं काम शेजारचं ते तेल भरलेलं नळकांडं करतं. आत एक पिस्टन असतो आणि त्याला बारीक भोकं असतात. पिस्टन हलला की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं, ते सहजी जात नाही, आणि उसळीतला जोर उष्णतेत जिरून जातो. लांबच्या खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून पाहा, गरम लागेल. इंग्लंडातले लोक त्याला 'डॅम्पर' म्हणतात, ते जास्त खरं आहे. पण माझ्या मामूंनी केलेली व्याख्या मला त्याहून आवडते. ते आमच्या दखनीत म्हणायचे, "इस्प्रिंग बोलती, शॉकअप चुप कराता."

मामूंचं नारायणगावात गॅरेज होतं. आम्ही येडगावचे. कुकडीवरचं धरण १९७७ साली पुरं झालं, आणि मामू सांगायचे की धरणाच्या कामावर आलेल्या डंपरांनीच त्यांना हा धंदा शिकवला. दगड भरून रोज खडकाळ रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे पाटे कुठं तुटतात, हे त्यांनी वर्गात बसून शिकायची गरज नव्हती.

हा इतिहास मोटारीपासून सुरू करायची पद्धत आहे, पण जुन्नरच्या माणसाला तसं करता येणार नाही. आमच्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळात कोकणातला आणि समुद्रापलीकडचा माल वर यायचा. माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. त्या वाटेनं चाक कधी गेलं नसावं. पायऱ्यांच्या वाटेवर चाकाचं काय काम? माल बैलांच्या पाठीवर असे, आणि बैलाचे चार पाय म्हणजे निसर्गानं बनवलेले चार शॉकअप. गुडघा वाकतो ती स्प्रिंग आणि स्नायू ताणून धरतो तो डॅम्पर. उतारावर बैल ते आपोआप घट्ट करतो, सपाटीवर सैल सोडतो. कोणताही पाना न लावता! पुण्याहून कोकणात चाकांनी उतरता येऊ लागलं ते १८३० साली, गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यावर.

चाक आलं आणि हाडं खिळखिळी होऊ लागली. विलायतेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या ओबादाया एलियट या कारागिरानं घोडागाडीखाली पोलादी पात्यांच्या कमानी बसवल्या. पात्यावर पातं, प्रत्येक खालचं वरच्याहून थोडं आखूड. ही कमान पुढं जगभर गेली आणि आमच्या टांग्याखालीही आली. माझे आजोबा जुन्नरात टांगा चालवत. मी त्यांना टांगा हाकताना पाहिलेलं नाही, पण मामूंनी सांगितलेली त्यांची एक गोष्ट इथं उपयोगाची आहे. कमानीची पाती एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यानंच उसळी थोडीफार आवरली जाते. पात्यांत तेल सोडलं की घर्षण कमी होतं आणि टांगा मऊ झुलतो. तेल सुकलं, गंज धरला की तो कडक होतो. आजोबा बाळंतीण माहेरून सासरी पोचवायची असेल तर आदल्या रात्री पात्यांत तेल सोडत. गुळाच्या ढेपा न्यायच्या असतील तर सोडत नसत, कारण ओझ्याखाली झुलणारा टांगा वळणावर कलतो. आज ज्याला 'ॲडजस्टेबल सस्पेन्शन' म्हणून हजारो रुपये मोजतात, तेच काम हे होतं.

मोटार आली तेव्हा तिच्याखालीही हीच कमान होती. फरक वेगाचा होता. ताशी आठ-दहा मैलांवर जी उसळी गंमत वाटते, ती तीस मैलांवर गाडी रस्त्यावरून फेकून देते. फ्रान्समधल्या त्रुफो या माणसानं चकत्या एकमेकींवर दाबून बसवल्या आणि त्यांच्या घर्षणानं उसळी आवरायची युक्ती काढली. अमेरिकेच्या एडवर्ड हार्टफोर्डनं ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विकायला आणली. त्याच्या मध्यभागी एक मोठा नट असे. नट आवळला की शॉकअप कडक, सैल केला की मऊ. म्हणजे शॉकअप बाजारात आला तेव्हापासूनच तो हवा तसा जुळवता येत होता. शर्यतीला जाणारा माणूस घरातून निघताना नट आवळत असे आणि परत येताना सैल करत असे. पुढं १९३०च्या दशकात इंग्लंडात काही गाड्यांना अशी सोय आली की ड्रायव्हरनं बसल्या जागेवरूनच ते कमीजास्त करावं.

आता जिब्रीलची गोष्ट. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये क्लॉड फॉस्टर नावाचा एक हुन्नरी माणूस होता. त्यानं मोटारीच्या धुराच्या जोरावर वाजणारा एक भोंगा बनवला आणि त्याला नाव दिलं 'गॅब्रिएल हॉर्न'. ख्रिस्ती लोककल्पनेत कयामतीचं शिंग गॅब्रिएल फुंकतो, त्यावरून हे नाव. नंतर त्याच कंपनीनं 'स्नबर' नावाचा पट्ट्याचा शॉकअप काढला. गाडी दबताना पट्टा सैल राही आणि उसळताना आवळून धरी. भोंगा मागे पडला, शॉकअप राहिला, आणि फरिश्त्याचं नाव शिंगावरून उतरून चाकाशेजारी येऊन बसलं. मामूंच्या दुकानात 'गॅब्रिएल'ची खोकी यायची. मामू त्याला सरळ 'जिब्रीलवाला' म्हणत. त्यांना एकच तक्रार होती. आमच्याकडे सूर फुंकणारा फरिश्ता इस्राफील आहे, जिब्रील वही घेऊन येणारा निरोप्या. "शिंगावर चुकीचं नाव टाकलं होतं, शॉकअपवर बरोबर पडलं," असं ते म्हणत. रस्त्याचा निरोप गाडीपर्यंत किती पोचवायचा आणि किती गिळायचा, हेच तर त्या नळकांड्याचं काम. फॉस्टरचं पुढं काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. १९५२ साली त्यानं क्लीव्हलँडमधल्या संस्थांच्या लोकांना जेवायला बोलावलं आणि जवळजवळ सगळी, चाळीस लाख डॉलरच्या आसपासची मिळकत त्यांच्यात वाटून टाकली.

तेलाचा शॉकअप आणला फ्रान्सच्या मॉरिस हुदाय यानं. १९२७च्या डिसेंबरात फोर्डनं 'मॉडेल ए' ही गाडी बाजारात आणली, तेव्हा तिच्यावर हे शॉकअप कारखान्यातूनच बसवलेले होते. आधीच्या 'मॉडेल टी'ला ते नव्हते. साध्या माणसाच्या गाडीला शॉकअप लागतो, ही गोष्ट तिथून रुजली. हॉलंडमधली कोनी ही कंपनी तर मुळात घोड्यांचं आणि घोडागाड्यांचं सामान करणारी. ती सुरू झाली १८५७ साली. आपल्याला त्या सालानं वेगळंच काही आठवतं, पण त्याच वर्षी हॉलंडात कुणी एक कारागीर घोड्याचं सामान बनवायला बसला होता. या कंपनीनं १९३२ साली शॉकअप बनवले आणि १९४५ साली जुळवता येणारे. त्यांची पद्धत साधी होती. शॉकअप उतरवायचा, दांडा पूर्ण आत दाबायचा, तो तळातल्या खाचेत बसला की अर्धा वेढा, एक वेढा फिरवायचा. झीज झाली की पुन्हा थोडा फिरवायचा, म्हणजे जुना शॉकअप नव्यासारखा होतो.

आपल्याकडे १९६१ साली दीप आनंद यांनी मुंबईत गॅब्रिएल इंडिया सुरू केली. आता त्यांचा एक कारखाना आमच्याच रस्त्यावर, चाकणला आहे. त्याआधी एस.टी. होतीच. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर अशी पहिली गाडी सुटली. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून ज्यानं प्रवास केला, त्याला या विषयावर व्याख्यानाची गरज नाही. मागचा बाक मागच्या चाकांच्याही पुढं लोंबकळत असतो, त्यामुळं चाक चार बोटं उचललं तर बाक त्याहून जास्त उचलतो. माझ्या पहिल्या काही कविता मी त्या बाकावर लिहिल्या, आणि त्यातली अक्षरं मला स्वतःला वाचता येत नाहीत.

शॉकअप जुळवणं म्हणजे नेमकं काय, हे सांगितलं पाहिजे, कारण यात एक घोटाळा सर्रास होतो. मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपवर खाचांची एक कडी असते, पाच खाचांची. दूधवाले ती शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवतात, कारण दोन्ही बाजूंना भरलेले कॅन असतात. ही कडी फिरवल्यानं शॉकअप कडक झाला असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात फक्त स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. ओझं झेललं जातं, पण उसळी आवरणारं तेल तसंच राहतं. म्हणूनच कॅन रिकामे करून परतणारा दूधवाला खड्ड्यागणिक टुणटुण उडत जाताना दिसतो. उसळी आवरायची तर तेलाची वाट अरुंद केली पाहिजे. महागड्या शॉकअपना त्यासाठी वेगळा खुंटा असतो, तो 'टिक्‌टिक्' करत फिरतो. काहींना दोन असतात, एक दबण्यासाठी, एक उसळण्यासाठी. मामूंकडे यातलं काही नव्हतं. ते मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमधलं तेलच बदलत. घट्ट तेल घातलं की फोर्क सावकाश हलतो, पातळ घातलं की चटकन. पुण्याला रोज जाणाऱ्याला एक तेल, आदिवासी भागातल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या ग्रामसेवकाला दुसरं.

त्यांचे नियम मला पाठ आहेत. सगळ्यात मऊ जागेपासून सुरुवात करायची. एकावेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक वेळी त्याच रस्त्यानं, तेवढ्याच वेगानं चालवून यायचं. त्यांचा ठरलेला रस्ता नारायणगाव ते येडगाव हा होता. गाडी खड्ड्यातून निघाल्यावर एकदा उसळून थांबली तर ठीक. दोनदा-तीनदा झुलली तर अजून आवळायला हवी. बारीक खडीवरही ती हातात किणकिणू लागली तर जास्त आवळली, एक पायरी मागं यायचं. परदेशी कंपन्यांची माहितीपत्रकं मी नंतर वाचली. त्यांत यापेक्षा फार वेगळं काही लिहिलेलं नसतं.

आता शर्यत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथं १९५० साली विमानतळाच्या धावपट्टीवर गाड्यांच्या सरळ शर्यती रीतसर सुरू झाल्या, आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांनी त्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रस्ता. वळण नाही, खड्डा नाही. फक्त थांबलेल्या जागेवरून लवकरात लवकर त्या टोकाला पोचायचं. याला ड्रॅग रेस म्हणतात. आपल्याकडे लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झालेल्या आहेत.

आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. यात्रेतला बैलगाड्यांचा घाट म्हणजे दुसरं काय? सरळ चढती धाव, एकेक बारी सुटते, समोर घोडी, आणि घड्याळात मोजलेले सेकंद. सेकंदाच्या बारीकशा भागावर घाटाचा राजा ठरतो. लाउडस्पीकरवर 'भिर्रर्र' झालं की पुढचे काही सेकंद सगळ्या यात्रेला दुसरं काही दिसत नाही. या शर्यतींचा अलीकडचा इतिहास कोर्टातला आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्या बंद झाल्या. २०१७ साली राज्यानं कायदा बदलला, तरी त्या सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलाच्या वेदनेचा प्रश्न खरा आहे, आणि बैल दावणीला ठेवणाऱ्याचा जीव त्याच्यात अडकलेला असतो, हेही खरं आहे. पण त्या वादाचा भाग इथं नाही.

इथला मुद्दा भाराचा आहे. बैलगाडीत मागं जास्त ओझं झालं की ती उलाळ होते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओढणारे पुढं आहेत, म्हणून भार पुढं पाहिजे. ड्रॅग रेसच्या मोटारीत ओढणारी चाकं बहुधा मागं असतात, म्हणून तिथं गाडी सुटताना उलाळच व्हायला हवी. नाक वर, बूड खाली, सगळा भार मागच्या टायरांवर. नाहीतर ती जागेवरच फिरतात आणि धूर काढतात. त्यासाठी पुढचे शॉकअप विचित्र जुळवतात. उसळताना अगदी सैल, दबताना अगदी घट्ट. त्या धंद्यात त्याला 'नव्वद-दहा' म्हणतात. विरोधाचे नव्वद भाग दबण्याला, दहा उसळण्याला. नाक झटकन वर जातं आणि सावकाश खाली येतं. मागचे शॉकअप दोन्हीकडे सारखे, किंवा टायर जमिनीवर दाबून धरतील असे. मोटारसायकलचा हिशेब पुन्हा उलटा. ती आधीच उलाळ व्हायला टपलेली असते, पुढचं चाक उचललं की स्वार मागं पडतो. म्हणून तिचा पुढचा फोर्क पट्ट्यानं बांधून खाली ओढतात, मागचा शॉकअप काढून त्या जागी सरळ लोखंडी दांडा घालतात, आणि सगळी गाडी जमिनीला चिकटवतात.

आता हे जुळवणं रस्त्यावर आणलं तर काय होतं ते पाहा. नव्वद-दहाचा शॉकअप पहिल्या खड्ड्यावर नाक उचलतो. ते खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, नाक आणखी उचलतं. चार खड्ड्यांनंतर पुढची चाकं रस्त्याला नावापुरती टेकलेली असतात. लोखंडी दांडा घातलेली मोटारसायकल तर झेलतच नाही. उंचवट्यावर तिचं मागचं चाक सुटतं, आणि चाक हवेत असेपर्यंत त्याचा ब्रेकही हवेत असतो. शॉकअप आरामासाठी असतो असं लोकांना वाटतं. आराम वरकमाई आहे. तो असतो टायर जमिनीवर ठेवण्यासाठी. वळणं आणि थांबणं दोन्ही तिथूनच होतं.

बैलगाडेवाल्यांना हे कळतं. शर्यतीचा गाडा वेगळा असतो, हलका, दुसरं काही न वाहणारा. त्यातून कुणी कांदा बाजारात नेत नाही, आणि कांद्याची गाडी कुणी घाटात जुंपत नाही. मोटारसायकलवाल्या पोरांकडे मात्र गाडी एकच असते. तिच्यावरच कॉलेजला जायचं, बहिणीला स्टँडवर सोडायचं, आणि संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर पैज लावायची. मामूंकडे एकदा असा एक मुलगा आला. मागचे दोन्ही शॉकअप काढून दांडे घाल म्हणाला, पैसे रोख देतो. मामूंनी त्याला विचारलं, "शर्यत कितने सेकंदकी?" तो म्हणाला, पंधरा-सोळा. "और घर कितना दूर?" घर बारा किलोमीटर होतं. मामूंनी काम केलं नाही. तो दुसऱ्या गॅरेजात गेला, आणि तिथं ते झालं. पुढं त्याचं काय झालं हे मी इथं सांगणार नाही. त्याचे आईवडील अजून आमच्याकडे येतात.

दुसरी बाजू मालाची आहे, आणि ती आमच्या भागाच्या पोटाशी जोडलेली आहे. टोमॅटोचा हंगाम आला की पिकअपवाले पाटे वाढवून घेतात. दोन पात्यं जास्त घातली की गाडी क्रेट भरूनही बसत नाही. पण शॉकअप तेच जुने राहतात. वाढवलेल्या पाट्यांना आवरण्याइतका जोर त्यांच्यात नसतो. त्यामुळं माल उतरवून रिकामी परतणारी पिकअप भरलेलीपेक्षा धोक्याची असते. ब्रेक दाबला की तिचं मागचं बूड नाचतं. रात्रीच्या वेळी पुणे-नाशिक रस्त्यावर अशी गाडी मागून येताना दिसली तर तिला पुढं जाऊ द्यावं.

तमाशाचे ट्रक याहून अवघड. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, तिथून ट्रक भरून राज्यभर जातात. पेट्या, कनाती, जनरेटर आणि त्यावर माणसं. ओझं ट्रकला पेलतं, पण वर बसलेल्या माणसाला शॉकअप नसतो. रात्री नाचायचं आणि दिवसा कंबर आपटत शंभर मैल जायचं. मामू फडवाल्यांच्या ट्रकचे पाटे उघडून ग्रीस भरून देत आणि त्याचे पैसे लावत नसत. आजोबांचीच ती युक्ती होती.

२००२ साली कॅडिलॅक गाडीत असा शॉकअप आला की त्याच्या तेलात लोखंडाचे बारीक कण आहेत. वीज सोडली की ते कण रांगेत उभे राहतात आणि तेल घट्ट होतं, वीज बंद केली की पातळ. रस्ता पाहून हे सेकंदात शेकडो वेळा बदलतं. बैलाचा पाय जे करत होता, ते आता लोखंडाला यायला लागलं आहे.

आमच्याकडे जानेवारीपासून द्राक्षं सुटतात. घडाला हादरा बसला की मणी देठापासून सुटतो, आणि सुटलेल्या मण्याला बाजारात भाव नाही. येडगावच्या बागांतून माल भरला की जुने ड्रायव्हर क्रेटखाली कागद अंथरतात, टायरातली हवा थोडी कमी करतात, आणि कोल्हेमळ्यापासून ते सरकारी डांबर लागेपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेत नाहीत. हायवेला लागलं की पंपावर थांबून हवा परत भरतात.